दिल्या, हा व्हाय-व्हाय आता बंद कर

नाशिक,
रविवार

प्रिय दिल्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलोय. काल रात्री पुन्हा तेच झालं. ऑडिटला दोन एनसी, म्हणजे त्रुटी, निघाल्या म्हणून नोकरीवरून काढलं असेल का, प्लांट हेडसमोर प्रॉडक्शनवाल्याशी हुज्जत घातली म्हणून असेल का, की ती ब्रॅकेटची लॉट होल्ड केलीस म्हणून? मी हं हं करत राहिलो आणि तू गच्चीवर फेऱ्या मारत एकेक कारण तपासत राहिलास.

ही खोड कुठली ते मला कळतं. उभा जन्म क्वालिटीत काढलेला माणूस तू. पार्ट रिजेक्ट झाला की कारणांचा फिशबोन काढायचा, पाच वेळा 'का' विचारायचं, तुझं ते व्हाय-व्हाय, आणि रूट कॉज सापडेपर्यंत लाइनवाल्यांना सुखाने चहा पिऊ द्यायचा नाही, हे तुझ्या हाडात मुरलंय. आता नोकरी गेली तर तू स्वतःचाच एट-डी, तो दोष निस्तरायचा आठ पायऱ्यांचा फॉर्म, भरायला घेतलास. पण दिल्या, मी टेबलाच्या पलीकडच्या, एचआरच्या खुर्चीत बसतो. असली पत्रं मी टाइप केलीत, सहीला नेलीत, माणसांच्या हातात दिलीत. त्यावरून सांगतो, हे कारण तुला सापडायचं नाही. समजा सापडलंच, तर ते तुझ्या डिपार्टमेंटच्या आसपासही नसेल.

कसं होतं ते ऐक. कस्टमरचं शेड्यूल खाली येतं. हेड ऑफिसचा मेल येतो, इनडायरेक्ट हेडकाउंट, म्हणजे थेट उत्पादनात नसलेली माणसं, एवढा कमी करा. मग एक एक्सेल शीट उघडते. जुन्या माणसाला हात लावायचा तर नोटीस पिरियड लांब, ग्रॅच्युइटी द्यावी लागते, शॉपवर कुजबुज सुरू होते. प्रोबेशनवरचा माणूस स्वस्तात सुटतो. म्हणून फिल्टर लागतो तो 'डेट ऑफ जॉइनिंग'च्या कॉलमला. तू होल्ड केलेली लॉट त्या शीटवर कुठेच नसते. सगळं ठरल्यावर कुणाला तरी आठवतं की फाइलला कारण लागेल, मग डिपार्टमेंट हेडकडून दोन ओळी मागवतात. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही. काही माणसं खरंच कामाला कच्ची निघतात. पण त्यांना आधी एकदोनदा बसवून सांगितलेलं असतं, तसे मेल गेलेले असतात. तुला आला होता एक तरी मेल? उलट गेल्या महिन्यात नव्या गेजचं कौतुक झालं म्हणून तूच मला फोटो पाठवला होतास.

आत बसलेला असतानाच तुझा मेल बंद झाला आणि आयटीचा पोरगा लॅपटॉप न्यायला दाराशी उभा होता, हे तुला सगळ्यात जास्त लागलंय. चोरासारखं वागवलं म्हणालास. अरे, ती चेकलिस्ट असते. तुझ्या जागी प्लांट हेड असता तरी तोच पोरगा तिथेच उभा राहिला असता. मला त्याचा राग येत नाही, मला राग येतो तो बसचा. कंपनीची बस सुटणार साडेपाचला आणि माणसाला मोकळं करायचं तीनला. सेफ्टी शूज पिशवीत घालून तू तळेगाव चौकात पीएमटीची वाट बघत उभा होतास, हे ऐकून मला आमच्या धंद्याची लाज वाटली. अशा दिवशी मी गाडी सांगून ठेवतो आणि ड्रायव्हरला घरापर्यंत सोडायला लावतो. एवढं कुणालाही करता येतं.

आणि तुझा मोजमापाचा व्हर्निअर? तो मिटुटोयो कंपनीचा, तुझ्या पैशाचा होता ना, ड्रॉवरमध्ये राहिला म्हणालास. उद्याच मेल टाक, वस्तू माझी आहे, कुरिअरने पाठवा. लाजू नकोस.

तर रूट कॉज राहू दे. आधी एट-डीतली तिसरी पायरी, डी-थ्री कर, कंटेन्मेंट. खराब माल पुढे जायचा थांबव, मग बाकीचं.

त्यांनी राजीनामा लिहून द्या म्हटल्यावर तू सही केली नाहीस, हे फार बरं झालं. "तुमचं रेकॉर्ड क्लीन राहील" हे वाक्य आम्ही सगळेच वापरतो. त्यात थोडं तथ्यही आहे. पण राजीनामा दिला की नोटीस पे मागायची तुझी बाजू लंगडी होते. अजूनही त्यांना राजीनामाच हवा असेल तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलाय तेवढा नोटीस पे आणि साधं रिलीव्हिंग लेटर देतो, असं आधी मेलवर लिहून घे. तोंडी काही नको.

मग हातातलं पत्र नीट वाच. 'प्रोबेशन कन्फर्म करत नाही' एवढंच असेल तर ते साधं पत्र आहे. त्यात निष्काळजीपणा, बेशिस्त, अप्रामाणिकपणा असला शब्द कुठे असेल तर मला लगेच सांग. प्रोबेशनवरच्या माणसाला साधेपणाने सोडता येतं, पण त्याच्यावर ठपका ठेवायचा तर चौकशी करावी लागते, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय. 1999 चा दीप्ती प्रकाश बॅनर्जींचा निकाल आम्हाला लेबर लॉच्या वर्गात घोकायला लावला होता. ते प्रकरण केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेचं होतं, खासगी कंपनीतल्या तुझ्यासारख्या डेप्युटी मॅनेजरला जसंच्या तसं लागू पडत नाही. पण एचआरवाले शब्दांना भितात. 'हा शब्द काढून पत्र बदलून द्या' असा सभ्य मेल आला की बहुतेक वेळा पत्र बदलून मिळतं.

केस टाकू का, हे तू रागात विचारलंस. माझ्या मते नको. कायद्याच्या भाषेत तू 'कामगार' नाहीस. नव्या औद्योगिक संबंध संहितेत सुपरवायझरचीसुद्धा मर्यादा 18,000 रुपये पगाराची आहे, तू तर त्याच्या कितीतरी वर. शिवाय छाटणीच्या भरपाईला वर्षभराची सलग सेवा लागते, निदान 240 दिवसांची हजेरी. मॅनेजर माणसाला कोर्ट खुर्चीत परत बसवत नाही, फार तर नोटीसचा पगार देववतं. त्यासाठी वर्षानुवर्षं तारखा कशाला? तो मेलवर भांडून मिळवू.

फुल अँड फायनल हिशेबाला पंचेचाळीस दिवस लागतील असं एचआरच्या त्या मुलीने सांगितलं ना? सवयीने बोलली असेल. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात कामावरून काढलेल्या माणसाचा पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असं लिहिलंय आणि ती मॅनेजरलाही लागू आहे. कलम 17. मेलमध्ये फक्त एवढंच लिही, धमकी देऊ नकोस. पंचेचाळीसचे दहा होतात.

पीएफला हात लावू नकोस. जुन्या कंपनीचा नव्यात ट्रान्सफर झालाय का बघ, नसेल तर तेवढं कर आणि पोर्टल बंद कर. कंपनीने एक्झिट डेट भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुलाच ती पोर्टलवर भरता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

पैशाचं म्हणशील तर तुझी परिस्थिती तुला वाटते तेवढी वाईट नाही. भोसरीच्या कंपनीतून मिळालेली ग्रॅच्युइटी तू एफडीत टाकली होतीस. ती याच दिवसांसाठी. पोरीची फी, घराचा हप्ता, किराणा, एवढं त्यातून चालव. हप्ता मात्र चुकवू नकोस. चुकणार असं दिसलं तर बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जाऊन बस. नव्वद दिवस थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, होतं आणि मग मॅनेजरलाही तुझ्यासाठी फारसं काही करता येत नाही. आधी गेलास तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं तरी बोलता येतं.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशीच संपतो. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तू पुढच्या महिन्यात त्यावर करणार होतास. हॉस्पिटलला तारीख दिली असेल तर आधी फोन कर, नाहीतर डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर कळेल. त्याच विमा कंपनीत ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही लगेच विचार, उशीर केलास तर ती वाट बंद होते. मोतीबिंदू सरकारी दवाखान्यात मोफत होतो, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या वडिलांचे दोन्ही डोळे नाशिकच्या सिव्हिलमध्येच झाले.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते.

परवा वहिनींचा मंगलला फोन आला होता. तू रोज सकाळी बसच्या वेळेला युनिफॉर्म घालून बाहेर पडतोस आणि संध्याकाळी परत येतोस. मला तू भक्ती-शक्तीच्या बागेत बसतो म्हणालास, त्यांना कंपनीत जातो म्हणतोस. त्यांना संशय कशावरून आला माहितीय? डब्यावरून. चार महिने तू कँटीनमध्ये जेवत होतास, आणि अचानक सोमवारपासून "कँटीनचं जेवण बिघडलंय, डबा दे" म्हणालास. त्या म्हणाल्या, ह्यांना कँटीनची आमटी इतकी आवडायची की घरी तशीच करायला सांगायचे. मंगलला काही सांगता येईना, तिने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, वहिनी, मी त्याच्याशी बोलतो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त "तब्येतीचं तर काही नाही ना?" एवढंच. दिल्या, त्या तुझ्या रिपोर्टमध्ये काय निघालंय या काळजीत आहेत. नोकरीची बातमी ऐकून त्यांना उलट बरं वाटेल.

चौदा वर्षांची नोकरी सोडून उडी मारली आणि चार महिन्यांत हे, आता सासरची माणसं काय म्हणतील, सोसायटीत काय सांगू, हे सगळं तुझ्या डोक्यात फिरतंय. म्हणतील की. मेहुणा तर नक्की म्हणेल, त्याला कधी नव्हे ती संधी मिळालीय. चार दिवस बोलतील आणि मग पाण्याच्या टँकरवर घसरतील. पण युनिफॉर्म घालून बागेत बसणं हे तुला आतून खाईल. मी अशी माणसं पाहिलीत. आमच्याकडचा एकजण महिनाभर सीबीएस स्टँडवर पेपर वाचत बसायचा. पुढच्या इंटरव्ह्यूला आला तेव्हा नजर उचलत नव्हता, कामात तो चांगला होता तरी.

मी मुलाखती घेतो त्यामुळे हेही लिहितो. हे चार महिने बायोडेटातून गाळायचा विचार करू नकोस. यूएएनवर, तुझ्या पीएफच्या नंबरावर, सगळं दिसतं आणि व्हेरिफिकेशनवाले तिथेच बघतात. लपवलेलं सापडलं की माणूस बाद, घडलेलं सांगितलं की पुढचा प्रश्न. दोन वाक्यं पाठ कर: "मोठ्या जबाबदारीसाठी नवीन प्लांटला गेलो. शेड्यूल कमी झालं आणि प्रोबेशनमध्येच त्यांनी ती पोझिशन बंद केली." तिथे थांबायचं. तू थांबत नाहीस, तिसऱ्या वाक्यापासून प्लांट हेडची उणीदुणी काढायला लागतोस आणि समोरचा पेन खाली ठेवतो. हवं तर रात्रीच्या फोनवर मी तुझी मुलाखत घेतो, गच्चीवरच्या फेऱ्यांचा तेवढा उपयोग होईल.

आणखी एक. तुझ्या हुद्द्यावरच्या बहुतेक माणसांना नव्वद दिवसांची नोटीस असते. ज्याच्याकडे ऑडिट तोंडावर आलंय त्या प्लांटला तीन महिने थांबवत नाही. तू उद्या जाऊ शकतोस. नोकरीच्या साइटवर 'इमिजिएट जॉइनर' टाक, पगाराच्या रकान्यात मात्र घाईने आकडा खाली आणू नकोस. ज्या कन्सल्टंटने तुला तिथे लावलं त्यालाही फोन कर, त्याला तुझं काम माहिती आहे आणि त्याला पुढची फी हवीच असते. भोसरीच्या जुन्या साहेबांनाही कर. परत घ्या म्हणायची गरज नाही, मोकळा आहे एवढं सांग. त्यांचे तीन व्हेंडर रांजणगावात आहेत, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मंगल म्हणते पुढच्या शनिवारी सगळे इकडे या. काकूंना बसने आणू नकोस, सिन्नरपर्यंत हाडं खिळखिळी होतात, मी गाडी घेऊन येतो. पोरीचा क्लास असेल तर रविवारी येऊ न्यायला, कळव.

आणि ते पत्र मला व्हॉट्सअॅपवर पाठव, दोन्ही पानं, मागची बाजूसुद्धा, अॅनेक्शर तिथेच दडवलेलं असतं. पण आधी वहिनींना सांग, मग पाठव. त्याआधी आलं तर मी उघडणार नाही.

तुझा,
बाळ्या