तुम्ही एका ओळीखाली बोट ठेवलंत, बाई

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

ग्रंथपाल म्हणून तुमच्या निरोप समारंभाला मी नव्हते. त्या दिवशी मुळशीतल्या एका गावात उखळाशेजारी बसले होते, आणि तिथे का बसले होते हे तुमच्याइतकं नीट कुणाला कळणार नाही. पत्र उघडं लिहितेय, कारण पीएचडीला नुकतं नाव घातलेल्या कुणी वाचलं तर त्यांचं एखादं वर्ष वाचेल. माझं वाचलं तसं.

ग्रंथालयात तुमच्या टेबलापाशी मी पहिल्यांदा आले ती सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याची, प्रत घेऊन. मला पाच-सहा पुस्तकांची पूर्ण नावं, प्रकाशन आणि साल एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सिनॉप्सिस द्यायचा होता आणि 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या मथळ्याखालची दोन पानं भरायची राहिली होती. भरायची, हाच शब्द तेव्हा डोक्यात होता. विषय होता मुळशी तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. ५०० ओव्या गोळा करायच्या, माहेर, सासर, भाऊराया, विठ्ठल असे चार गठ्ठे बांधायचे, की झाला प्रबंध. माझी आजी ओव्या म्हणायची, म्हणून विषय घरचाच वाटत होता. आणि शेवटी मी मोठ्या ऐटीत लिहून टाकलं होतं, 'या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.'

तुम्ही त्या ओळीखाली बोट ठेवलंत. "हे कशावरून?"

"नेटवर शोधलं, काही सापडलं नाही."

"काय टाकून शोधलंत?"

"मुळशीच्या ओव्या."

तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार. एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून दिलेत: कंठस्थ ओवी, स्त्रीगीते, दळण-कांडण, आणि चौथा 'ग्राइंडमिल साँग्ज'. म्हणालात, "आपल्या विषयाला दुसरे लोक कुठल्या नावानं हाक मारतात ते आधी बघा."

चौथ्या नावानं पायाखालची जमीन सरकली. पुण्यातल्या संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी कित्येक वर्षं गावोगाव हिंडून १ लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या होत्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रणं झाली होती, डेटाबेस तयार झाला होता. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण जीवनाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट प्रसिद्ध होत होत्या. मुळशी तालुक्यातली गावंही त्यात होती. मी गोळा करणार होते ५००. म्हणजे त्यांच्या दर २०० ओव्यांमागे माझी १. घरी जाताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडले, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सिनॉप्सिस दिलाच नाही. तुमच्याकडे आले आणि म्हणाले, विषय बदलते. तुम्ही कार्डं लावत होतात, मान वर न करता म्हणालात, "विषय राहू दे. तुमच्याकडे प्रश्न कुठे होता? नुसती टोपली होती."

मग ती वही. आडवी धरून रकाने आखायला लावलेत: कुणी, कधी, कुठे, कुणाकडून, कशा रीतीनं, आणि काय विचारलं. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवायला सांगितलात, काय विचारलं नाही त्याचा. साने गुरुजींचं 'स्त्री जीवन', दुर्गाबाई भागवतांची १९५६ सालची 'लोकसाहित्याची रूपरेषा', सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीसाठी संपादित केलेले खंड, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले प्रबंध, सगळं त्या रकान्यांत उतरायला लागलं. पुस्तक मागून वाचायला तुम्ही शिकवलंत. आधी संदर्भसूची, आणि प्रबंध असेल तर 'पुढील संशोधनाच्या दिशा' हे शेवटचं पान, जे लिहिणाराही कंटाळून लिहितो. थांबायचं कधी, असं विचारलं तर म्हणालात, तीच ती नावं पुन्हा दारात यायला लागली की. सुमारे चार महिन्यांनी ती यायला लागली.

वही मला काय काय दाखवायला लागली ते मी तेव्हा तुम्हाला धडपणे सांगितलंही नाही. जुन्या संग्रहांपुढे 'कुणाकडून' हा रकाना बऱ्याचदा रिकामा राहिला. ओवी होती, म्हणणारी नव्हती. माझ्याही आराखड्यात गाणाऱ्या बाईचं नाव टिपायची सोय नव्हती, हे तो रिकामा रकाना बघून ध्यानात आलं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ऐकल्या, तेव्हा तर माझे चार गठ्ठेच सुटले. त्यांना माझ्याकडे जागाच नव्हती. हे न वाचता गावात गेले असते आणि समोरच्या बाईनं अशी ओवी म्हटली असती, तर मी ती 'इतर'मध्ये टाकून मोकळी झाले असते. वर प्रबंधात लिहिलं असतं की मुळशीतल्या ओव्यांचे विषय चार.

आणि 'मानसोल्लास'! चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ११२९ सालचा संस्कृत ग्रंथ. ओवीबद्दल कुणी लिहायला घेतलं की त्याचा दाखला हटकून येतो. मीही दिला होता: 'महाराष्ट्रात स्त्रिया दळताना ओवी गातात असा उल्लेख आहे.' कुठल्याशा प्रबंधातून उचललेलं वाक्य, पृष्ठांकासकट. तुम्ही शिपाईमामांना पाठवून बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमधला खंड कपाटातून काढायला लावलात आणि ओळ मलाच शोधायला लावलीत. दीड तास गेला. 'महाराष्ट्रेषु योषिद्भिरोवी गेया तु कण्डने.'

"कण्डन म्हणजे?"

"कांडण," मी म्हणाले, आणि कान तापले. दळण नव्हतंच तिथे. उखळ-मुसळ होतं. चुकलेलं वाक्य मी ज्याच्याकडून घेतलं त्यानंही ते बहुधा दुसऱ्याकडून घेतलं असेल. आमच्याकडे प्रबंध असेही लिहिले जातात, एकाच्या विहिरीतलं पाणी दुसऱ्याच्या घागरीत.

त्या एका शब्दानं माझं वेळापत्रक बदललं, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत फिरणार होते, कारण कॉलेज बंद. पण रोजचं दळण गिरणीत गेलं त्याला किती वर्षं झाली. जातं आणि उखळ आता निघतं ते मुख्यतः लग्नाच्या हळदीला. म्हणजे फिरायचं तर लग्नसराईत. गावंही बदलली. जिथे कुणी गेलं नाही अशी गावं मी हौसेनं निवडली होती. ती सोडली आणि जिथे २५-३० वर्षांपूर्वी ओव्या उतरवून घेतल्या गेल्या त्यांतली ३ गावं घेतली. कारण तिथेच तुलना करता येते. तेव्हा परकरात खेळणाऱ्या मुली आज सासवा व्हायला आल्यात. त्यांना मी ओव्या मागत नाही. आईची कुठली ओवी कानात आहे, ती शेवटची कधी ऐकली, हळद दळायला बसल्यावर कोण उचलून धरतं आणि कोण मोबाइलवर गाणं लावतं, हे विचारते. ५०० चा आकडा कधीच गळून पडला. सध्या ३४ बायकांशी बोलून झालंय आणि ओव्या हाती आल्यात फक्त ६१. पण या ६१ मला पुरतात.

विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे एका सरांनी विचारलंच, "हे काम तर होऊन गेलंय ना?" मी वही उघडून शेवटचा रुंद रकाना त्यांच्यापुढे सरकवला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी वेगळंच विचारलं, ही वही आखायला कुणी शिकवली?

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. माझ्या बाबतीत खुंटा तुम्ही हातात दिलात. मी मात्र तुम्हाला चार महिने नुसती पुस्तकं काढायला लावली, आणि दोनदा उशिराचा दंडही माफ करून घेतला.

तर तुमच्या समारंभाच्या दिवशीची गोष्ट. लग्नघर होतं. ज्या आजींची ओवी पूर्वी ध्वनिमुद्रित झाली होती त्या आता नाहीत, त्यांच्या सूनबाई उखळाशी होत्या. मी फोनवर सासूबाईंचा आवाज लावला. त्यांनी मुसळ थांबवलं, डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मागली ओळ आत्या घरी अशी नव्हत्या म्हणत. मायकापुढं म्हणल्या असतील." आणि पुन्हा मुसळ उचलून, हळकुंडांवर घाव घालत, घरातली ओळ म्हणून दाखवली. मी वेगळा रकाना आखला.

आणि बाई, त्या कांडतच होत्या.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन घरी येते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी