मधली भिंत राहू द्या

तीर्थरूप आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

आधी एवढंच सांगते. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडू नका. बाकीचं पत्र सवडीने वाचा, पण हा निरोप मिस्त्रींना आजच द्या. फोनवर बोलले असते, तर तुम्ही दोघांनी "बरं, तू म्हणशील तसं" म्हणून विषय संपवला असता. मला मात्र सगळं नीट मांडायचं आहे.

भिंत पाडायची कल्पना माझीच होती. दिवाळीत मी तुम्हाला मोबाइलवर मोकळ्या हॉलची चित्रं दाखवली. दादानेही होकार दिला आणि आई, तू म्हणालीस, "पोरं आल्यावर सगळ्यांना एकत्र बसता येईल." त्यावर ठेकेदाराने हिशोबही काढून दिला. तेव्हा घराकडे मी पाहुणी म्हणून बघत होते. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात आले तेव्हा माजघरातलं सामान हलवून झालं होतं. कपाट सरकवल्यावर मधली भिंत पहिल्यांदाच पूर्ण मोकळी दिसली. तिच्यावर कमरेच्या जरा खाली एक काळपट, तुकतुकीत पट्टा आहे. चार बोटं रुंद, तुमच्या पलंगापासून निघून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेला. दाराच्या चौकटीवर त्याच उंचीला लाकूड गुळगुळीत झालंय. पुढे परसाच्या दाराशी पुन्हा तसाच डाग. आधी वाटलं, कपाट घासून झालं असेल. रात्री मी माजघरातच झोपले होते. दोनच्या सुमाराला आई, तू उठलीस. दिवा लावला नाहीस, माझी झोपमोड होईल म्हणून. अंधारात डावा हात भिंतीवर ठेवून, एकेक पाऊल टाकत गेलीस. तेव्हा कळलं, तो पट्टा तुझ्या हाताचा आहे. किती वर्षांचा असेल कोण जाणे. तू गेल्यावर तासाभराने अण्णा तसेच गेले.

सकाळी मी मोजलं. पलंगापासून परसातल्या संडासापर्यंत चौतीस पावलं, दोन उंबरे, तीन पायऱ्या. त्यातली शेवटची दहा पावलं उघड्यावर. गेल्या श्रावणात अण्णा त्याच पायरीवरून घसरले होते, हे तुम्ही मला पंधरा दिवसांनी सांगितलंत. त्या दिवशी मनगटाला सूज होती आणि फोनवर मात्र "सगळं ठीक" होतं.

ज्या भिंतीला धरून तुम्ही रात्री चालता, तीच आपण पाडायला निघालो होतो.

घरी येऊन गेलेल्या इंजिनिअरनी दुसरीही गोष्ट दाखवली. माजघराच्या माळवदाच्या, म्हणजे त्या मातीच्या सपाट छताच्या, तुळया समोरच्या आणि मधल्या अशा दोन भिंतींवर टेकल्या आहेत, आणि स्वयंपाकघराच्या तुळयांचं एक टोकही त्याच मधल्या भिंतीवर आहे. म्हणजे दोन्ही खोल्यांचं ओझं तिच्यावर. ती काढायची तर खालून टेकू लावून लोखंडी गर्डर घालावा लागेल. ते होऊ शकतं, पण मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत गर्डरच्या दोन टोकांशी सगळा भार एका ठिकाणी येतो, तो झेलायला पुन्हा खालपासून खांब हवेत. ठेकेदाराने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या कागदावर "मधली भिंत काढणे" अशी एक ओळ होती, बस्स.

माळवदावरची मातीही त्यांनी एका कोपऱ्यात खणून बघितली. सव्वा फूट निघाली. दर उन्हाळ्यात, पावसाआधी, पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा आणि जुना कधी काढायचा नाही, अशी ती साठत गेली. बारा बाय सोळाच्या त्या एका खोलीवर अंदाजे दहा टन माती आहे. अण्णा, १९९३ सालची अनंत चतुर्दशीची ती रात्र तुम्ही विसरला नसाल. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला आले होते. भांडी वाजली, तुम्ही मला गोधडीसकट उचललंत आणि आपण सगळे गल्लीत उजाडेपर्यंत बसलो. किल्लारीत हजारो माणसं गेली, ती बहुतेक अशाच घरांत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती अंगावर आली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब दगड त्या भिंतींत नव्हते. आपलं घर तेव्हा वाचलं. आता काम काढलंच आहे, तर पहिला खर्च त्यावर होऊ दे. वरची जास्तीची माती उतरवायची, हलका थर ठेवून त्यावर पाणी न झिरपणारं काम करायचं, आणि भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरायचं. किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादकडे उभ्या असलेल्या घरांना असं काम करून घेतलं गेलं. दिसायला काहीच दिसणार नाही. पण मला पुण्यात शांत झोप लागेल.

आता जागेचं. आपण नकाशा काढला तो दादाची पोरं आणि माझी पोरं डोळ्यांसमोर ठेवून. माडीवर एसीची खोली, तिला लागून बाथरूम, खाली मोठा हॉल. आम्ही किती दिवस येतो? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला चार दिवस, उन्हाळ्यात आठ-दहा, दिवाळीत चार. वर्षातले वीस दिवस धरा. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस त्या घरात तुम्ही दोघंच असता आणि माडीचा जिना तर आईने दोन वर्षांत चढलेला नाही. अक्षता सोहळ्याहून परत आल्यावर आम्ही सगळे पुढच्या सोप्यात सतरंजी टाकून बसू, पोरं गच्चीवर झोपतील. आम्ही तसेच वाढलो, त्यांनाही चालेल. माडीचे पैसे खाली लावा.

माजघराच्या वायव्येला कोठीची खोली आहे, सहा बाय आठची. ज्वारीच्या कणग्या गेल्यापासून तिथे रिकामे डबे आणि जुन्या चादरींचं गाठोडं याशिवाय काही नाही. तिथे संडास-बाथरूम करायचं. अण्णा, घरात संडास नको, देवघराला लागून नको, हे तुमचं म्हणणं मला माहीत आहे. देवघर ईशान्येच्या कोपऱ्यात आहे तिथेच राहील, मध्ये अख्खं माजघर आहे. आणि वायव्येला संडास चालतो, हे शेजारच्या काकांच्या घराच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं. परसातल्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत पंचवीस फूट पाइप जाईल. चार इंची पाइपाला चाळीस फुटांना एक फूट उतार धरला तर साडेसात इंच लागतात. आपलं जोतं दोन फूट उंच आहे, त्यामुळे कुठे खोदाखोद न करता तो उतार मिळतो.

त्या खोलीबद्दल चार गोष्टी मिस्त्रींना नक्की सांगा, कारण नंतर बदलता येणार नाहीत. दार तीन फुटी हवं. ते बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. माजघर आणि बाथरूम यांच्यात उंबरा नको, पाणी अडवायला फरशीला आतल्या बाजूला उतार पुरतो. आणि कमोडशेजारचा दांडा भिंतीत पक्का बसवायचा, नुसत्या टाइल्सवर स्क्रूने नाही. फरशी चकचकीत घेऊ नका. माजघरातली शहाबादी काढायचा विचार चाललाय तोही सोडा. ती उन्हाळ्यात पायाला गार लागते आणि ओली झाली तरी पाय धरते. फुटलेल्या चार-पाच बदलल्या की झालं.

भिंत पाडायची ती उजेडासाठी, हे मी विसरलेले नाही. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यावर आजोबांची एक गोष्ट आठवली. ते मिलमध्ये साळखात्यात, विणकामाला, होते आणि सांगायचे, तिथलं छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि काचा सगळ्या उत्तरेकडे. दिवसभर उजेड, पण उन्हाची तिरीप मागावर नाही. माळवदातला जुना झरोका आपण १९९३ नंतर पत्रा ठोकून बुजवला. तोच मोकळा करायचा, दोन तुळयांच्या मधेच, तुळईला हात न लावता. वर दोन फूट उंच खोका बांधायचा आणि काच फक्त उत्तरेच्या बाजूला उभी लावायची. आडवी काच ठेवली तर आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खाली भट्टी होईल. खोक्याला वरच्या अंगाला जाळी ठेवली की गरम हवाही बाहेर पडेल.

आई, तुझा ओटा. मोकळं स्वयंपाकघर झालं असतं तर शेंगदाण्याच्या चटणीचा ठसका थेट अण्णांच्या दम्यापर्यंत गेला असता, तेही टळलं. बाजारात ओटा सरसकट बत्तीस-चौतीस इंचांचा करतात. तुझ्या उंचीला तीस पुरे. आणि खिडकीखालचा तीन फुटांचा तुकडा आणखी खाली घ्यायचा, सव्वीस-सत्तावीस इंचांवर, म्हणजे स्टुलावर बसून भाकरी थापता येईल. जमिनीवर बसून थापलेल्या भाकरीची गंमत वेगळी, तू म्हणशीलच. पण मग उठताना तुला कुणालातरी हाक मारावी लागते, आणि बऱ्याचदा हाकेला कुणी नसतं.

पाण्याचं तर सांगायलाच नको. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही अवेळी, आणि मग हौदातून बादल्या. हौद आहे तिथेच राहू दे, फक्त मोटरचं बटण स्वयंपाकघरात घ्या आणि कोठीच्या भिंतीवर नाही, तर समोरच्या भक्कम कोपऱ्यावर टाकी बसवा.

गिलाव्याबद्दल इंजिनिअर आणि ठेकेदार यांचं पटत नाही. मला इंजिनिअरचं पटतं. मातीतल्या दगडी भिंतीला बाहेरून सिमेंट थापलं की जमिनीतून चढलेली ओल आतच कोंडते. देवघरामागे दहा वर्षांपूर्वी केलेलं प्लास्टर पोपडे धरून पडलं ते त्यामुळेच. चुन्याच्या गिलाव्याला कारागीर मात्र शोधावा लागेल. कसब्यात जुनी कामं केलेलं कुणीतरी अजून असेल, अण्णा, तुमच्या कट्ट्यावर विचारा.

दारापुढच्या तीन पायऱ्या आठ-आठ इंचांच्या आहेत. उतार करावा म्हटलं तर दोन फूट उंचीला चोवीस फूट लागतात, तेवढी गल्लीच रुंद नाही. तेव्हा सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडा. सोप्याला बाकी हात लावू नका. अण्णांचा पेपर, समोरचे काका आणि चहा तिथेच बरा.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते. दहा-साडेदहाला घरी पोहोचेन, जेवायला थांबू नका. रंगारी आधी आला तर त्याला मधल्या भिंतीवर खरडू देऊ नका. पलंगापासून नव्या बाथरूमच्या दारापर्यंत मला लाकडी कठडा बसवून घ्यायचा आहे आणि सुताराला सांगायची उंची त्या पट्ट्यावरून घेतली आहे: जमिनीपासून अडीच फूट आणि वर दोन बोटं.

तुमची,
सुमी