सातखणीच्या परिसरातून कोर्लईत गेलेली बोली

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

रेवदंड्याच्या किल्ल्यात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये सातखणीचा मनोरा उभा आहे. आता त्याचे सातही मजले शिल्लक नाहीत. लांबून तो बुरूजच वाटतो, पण आहे फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या सांता बार्बरा मठाचा. पोर्तुगीजांच्या चौलात, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन पाद्रीही होते. पोर्तुगीज शिपाई आणि इथले नव्याने ख्रिस्ती झालेले लोक याच तटबंदीच्या आसऱ्याने राहिले, आणि त्यांच्या घराघरांत एक नवी बोली तयार झाली.

१७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गोव्याकडे निघून गेले. सामान्य ख्रिस्ती कुटुंबे कुंडलिकेची खाडी ओलांडून पलीकडे कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसली. राजवट गेली, मठ ओस पडले, तरी शेतीवाडी करणाऱ्या या लोकांनी आपली बोली पावणेतीनशेहून अधिक वर्षे सांभाळली. ते तिला ‘नोव लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात.

साहेब, ही बोली परकी समजू नका. तिचे शब्द बहुतांश पोर्तुगीज आहेत, पण वाक्य मराठीच्या वळणाचे: आधी कर्ता, मग कर्म, क्रियापद शेवटी. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. मराठीने दुसऱ्या भाषेला आतून कसे घडवले, याचा जिवंत पुरावा अलिबागपासून तासाभराच्या अंतरावर आहे. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. १९६०च्या दशकापर्यंत चर्चमधून पोर्तुगीज कानावर पडत असे, तो आधारही गेला. मुले मराठी शाळेत शिकतात, नोकरीसाठी बाहेर पडतात. त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

सातखणीची डागडुजी व्हावी, तिथल्या फलकावर कोर्लईचा उल्लेख असावा, हे मागणे आहेच. पण त्याआधी बोलीचे काम हाती घ्या. वडीलधाऱ्यांच्या गोष्टी, गाणी, प्रार्थना, शेतातले आणि स्वयंपाकघरातले शब्द त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. हे काम गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवून, रीतसर मानधन देऊन त्यांच्याकडून करून घ्या. मराठी भाषा विभागाला सोबत घेऊन नोव लिंग–मराठी शब्दकोश छापा, आणि त्याच्या पहिल्या प्रती कोर्लईच्या शाळेत पोहोचवा. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
कोकणातला एक मराठी वाचक