स्ट्रोक फक्त बीपीमुळेच होतो असं नाही

संपादक साहेब,
स्ट्रोकवर लेख आला की बीपी, शुगर, सिगरेट एवढंच असतं, ते बरोबरच आहे, पण कॅडासिल या आनुवंशिक आजाराबद्दल कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. आमच्याच घरात हा आजार निघाला आणि तोवर आम्ही वर्षानुवर्षं नुसती मायग्रेनची औषधं देत बसलो होतो!

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूपेशी असतात, त्या सतत थोड्या आवळलेल्या असतात, प्रेशर वाढलं की अजून आवळतात, आणि मेंदूच्या एखाद्या भागाला जास्त रक्त लागलं की सैल पडतात, म्हणून प्रेशर वरखाली झालं तरी रक्तपुरवठा सांभाळला जातो. कॅडासिलमध्ये याच पेशींमध्ये काम करणारं नॉच थ्री हे जीन बिघडतं (हे कळलं १९९६ साली). उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय की या पेशींवर पोटॅशियमचे चॅनल (पोटॅशियम बाहेर सोडणारी बारीक दारं, ती उघडली की पेशी सैल पडते) जास्त होतात, मग पेशी नीट आवळतच नाही. म्हणजे नळी बंद व्हायच्या कितीतरी आधी तिचा कंट्रोलच बिघडायला लागतो, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. बरं करणारं औषध अजून नाही, पण सिगरेट सोडणं, बीपी सांभाळणं हातात आहे. घरात कमी वयात स्ट्रोक, ऑरावालं मायग्रेन (म्हणजे डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकल्यासारखं वगैरे होतं ते), एमआरआयमध्ये पांढरे डाग असं दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टला जीन टेस्टबद्दल नक्की विचारा. आणि साहेब, यावर एखाद्या तज्ज्ञाकडून सविस्तर लेख लिहून घ्या ना प्लीज.

- एक वाचक