परदेशात शिकलेलं सत्र इथे ‘गैरहजर’ ठरू नये : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय कक्षाचं काम पाहते. एखाद्या सत्रासाठी परदेशी विद्यापीठात जाणाऱ्या आणि तिकडून आपल्याकडे येणाऱ्या मुलांची सगळी कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. त्या कागदांबद्दलच आपल्याशी बोलायचं आहे.

आमची एक विद्यार्थिनी, रोज कल्याणहून लोकलने येणारी, जर्मनीत एक सत्र शिकून आली. तिथे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. इथल्या गुणपत्रिकेत मात्र त्या सत्राच्या प्रत्येक विषयापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडला. परीक्षा विभागाच्या सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी कळत होत्या : विद्यार्थी परीक्षेला बसला, किंवा बसला नाही. ‘परवानगीने दुसऱ्या विद्यापीठात शिकत आहे’ असा रकानाच त्यात नव्हता. मागचं सत्र अनुत्तीर्ण दिसतंय म्हणून पुढचा परीक्षा अर्ज अडला. मग विनंती अर्ज, प्राचार्यांचं पत्र, आवक क्रमांक, अभ्यास मंडळाच्या बैठकीची वाट, समकक्षता ठरवणाऱ्या समितीची वाट. तोवर तिची कॅम्पस मुलाखत हुकली, कारण कंपनीला सगळी सत्रं उत्तीर्ण असलेली गुणपत्रिका हवी होती. यात कुणीही तिला मुद्दाम अडवलं नाही. प्रत्येक टेबलाने आपापलं काम नियमानेच केलं. तिचं सत्र धरलं जाईल हे ती जायच्या आधी कुणी, कुठे, बांधील राहून लिहून ठेवलं नव्हतं, एवढंच.

युरोपात १९८७ पासून इरॅस्मस हा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम चालतो. त्याचा कणा आहे लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा साधा करार. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात मूल तिकडे कोणते विषय घेणार ते, दुसऱ्यात त्या बदल्यात घरच्या विद्यापीठातले कोणते विषय भरून निघणार ते. खाली तीन सह्या : विद्यार्थ्याची, घरच्या विद्यापीठाची आणि यजमान विद्यापीठाची. या सह्या मूल विमानात बसायच्या आधी होतात. तिकडे पोचल्यावर एखादा विषय मिळाला नाही, तर बदल करून तिघांनी पुन्हा सह्या करायच्या. परतल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

हाच करार आता तिकडे ‘इरॅस्मस विदाउट पेपर’ या संगणकी जाळ्यातून फिरतो. सगळ्यांची माहिती एका मोठ्या सर्व्हरवर गोळा केलेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक विद्यापीठ आपली नोंद आपल्याकडेच ठेवतं आणि ठरलेल्या पद्धतीने ती दुसऱ्याला पाठवतं. हेही सुरळीत झालेलं नाही. निरनिराळी सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळेनात, मुदती पुढे ढकलाव्या लागल्या. पण तीन सह्यांचा नियम आधीपासून पक्का होता, त्यामुळे यंत्रणा अडखळली तरी मुलांच्या क्रेडिटना, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांना, आधार राहिला.

आपल्याकडे साधनं नाहीत असं नाही. डिजिलॉकर आहे, विद्यार्थ्याची क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे. परदेशी विद्यार्थ्याची नोंदणी ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, ऑनलाइन होते. पण त्याच नोंदणीसाठी लागणारं बोनाफाईड तो आमच्या ऑफिसच्या खिडकीवर रांग लावून, शिक्का मारून घेतो, मग त्याचा फोटो काढून अपलोड करतो. पासपोर्टच्या प्रती तर सर्रास व्हॉट्सॲपवर मागवल्या जातात आणि कुणाच्या तरी खासगी फोनमध्ये कायमच्या राहतात. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तरीही.

क्रेडिटच्या हिशेबाचंही तसंच. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे सत्राला ३०. आपल्याकडे सत्राला साधारण २० ते २२. तिकडचं एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या अभ्यासाचं धरतात. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेत. हे आकडे समोर असताना दर विद्यार्थ्यामागे नव्याने डोकं का खाजवायचं? राज्याने एकच तक्ता ठरवून द्यावा.

माझी खरी मागणी ही आहे : करार आधी, पोर्टल नंतर. जाण्यापूर्वी मान्य झालेले विषय परत आल्यावर नाकारता येणार नाहीत, असा शासन निर्णय काढा. परीक्षा विभागाच्या प्रणालीत ‘एक्स्चेंजवर’ ही स्वतंत्र नोंद सक्तीची करा. तिकडून आलेले गुण थेट क्रेडिट बँकेत जावेत. आणि ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित करा, म्हणजे किती दिवसांत काम व्हायचं आणि जबाबदार अधिकारी कोण, हे मुलांना आधीच कळेल. सॉफ्टवेअरचं कंत्राट बदललं तरी जुन्या नोंदी विद्यापीठाच्याच ताब्यात राहतील, अशी अट निविदेतच घाला.

घाई मात्र करू नका, ही कळकळीची विनंती. २०१७ साली मुंबई विद्यापीठात ऐन परीक्षांच्या हंगामात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि कित्येकांचे पुढचे प्रवेश अडचणीत आले. त्या मुलांचे चेहरे इथला कुठलाही शिक्षक विसरलेला नाही. म्हणून सुरुवात मोजक्या महाविद्यालयांपासून व्हावी, आणि जे कारकून व प्राध्यापक रोज हे अर्ज हाताळतात त्यांना आराखडा ठरतानाच बोलवावं.

नवी मुंबईत कॅम्पस उघडण्यासाठी पाच परदेशी विद्यापीठांना २०२५ मध्ये इरादापत्रं दिली गेली, त्याचा आनंद आहे. पण ज्यांना तिथली फी झेपणार नाही, त्या कल्याण-विरारच्या मुलांना जगातलं एक सत्र अनुभवायचा मार्ग हा एक्स्चेंजचाच आहे.

हिवाळी सत्रासाठी बरीच युरोपीय विद्यापीठं एप्रिल-मेच्या सुमारास नावं मागवतात. निदान शासन निर्णय आणि क्रेडिटचा तक्ता त्याआधी हाती यावा. आपण बैठक बोलावलीत, तर आमच्याकडचे सगळे नमुने आणि अडलेली प्रकरणं घेऊन मी हजर राहीन.

आपली विश्वासू,
मुंबईतल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापिका