पोरीला सूत्रं पाठ करायला लावू नको

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. इकडे कापूस वेचणी सुरू आहे आणि वेचायला माणूस मिळत नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. कापसाच्या भावाचं विचारू नको, डोकं फिरतं.

पोरगी अकरावीत फिजिक्समध्ये मागं पडली, नागपूरला क्लास लावू का, असं विचारतोस. तू पाठवलेले तिच्या वहीचे झेरॉक्स मी निवांत बसून पाहिले. लेका, तिचं फिजिक्स कच्चं नाही. ब्रेक लावला की त्वरण (वेग बदलण्याचा दर) ऋण येतं, वरून सोडलेल्या दगडाचा वेग वाढत जातो, हे तिला बरोबर समजतं. घोडं पेंड खातं ते समीकरण फिरवताना.

एक गणित बघ. सुरुवातीचा वेग ५ मीटर प्रति सेकंद, अंतिम वेग २०, वेळ ३ सेकंद, त्वरण काढा. तिने व्ही = यू + ए·टी हे पहिलं समीकरण नीट लिहिलं (व्ही अंतिम वेग, यू सुरुवातीचा, ए त्वरण, टी वेळ). यू डावीकडे नेऊन वजा केला, तेही ठीक. मग टी ने भागताना रेघ काढली ती एकट्या यू च्या खाली! व्ही तसाच मोकळा राहिला आणि उत्तर आलं १८.३३. रेघ व्ही वजा यू या सगळ्याखाली लांब ओढली असती, तर १५ भागिले ३, म्हणजे सरळ ५ आलं असतं. माझ्याकडे संध्याकाळी येणारे पोट्टेही हेच करतात. "सर, चुकलं काऊन?" म्हणून विचारतात आणि मी फक्त त्या आखूड रेघेवर बोट ठेवतो.

त्यांना मी कापसाच्या गाडीचं सांगतो. गाडीवर दोर आवळला की शेवटी मारलेली गाठ आधी सोडावी लागते. या समीकरणात ए ला आधी टी ने गुणलं, मग यू मिळवला. म्हणून सोडताना आधी यू जातो, मग टी. यात नवीन काही नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त व्यस्तविधी म्हणून हेच दिलंय: उत्तराकडून मागं यायचं, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी मूळ. आपल्याला शाळेत 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' एवढंच घोकवलं आणि काऊन बदलतं ते कोणी सांगितलंच नाही.

दुसरी खोड म्हणजे आकडे घालायची घाई. आधी अक्षरं फिरवायची, आकडे शेवटी. थांबणाऱ्या गाडीचा अंतिम वेग शून्य असतो. व्ही² = यू² + २·ए·एस या तिसऱ्या समीकरणात (एस म्हणजे अंतर) व्ही शून्य केला की एस = −यू² ÷ (२·ए) मिळतं. ते वजा पाहून पोरं घाबरतात आणि गुपचूप खोडतात. खोडू नको म्हणावं. ब्रेक लावताना ए स्वतःच ऋण असतो, दोन वजा मिळून अंतर धनच येतं. आता ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, आणि त्वरण −५ धर. गाडी १० मीटरांत थांबते. ताशी ७२ ने आली तर ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. का, तर यू वर वर्ग आहे. सुरुवातीपासून आकडे कोंबले तर ही दोन उत्तरं येतात, पण चौपट का हे दिसत नाही. (पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी जाते ते अंतर वेगळंच. यवतमाळ रोडवर फटफट्या पळवणाऱ्यांना हे कोण सांगणार!)

कोणतं समीकरण घ्यायचं याचाही गोंधळ दिसतो. गणितात जी राशी दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्यात नाही ते घ्यायचं. वेळेचा पत्ता नसेल तर तिसरं, अंतिम वेगाचा नसेल तर दुसरं, म्हणजे एस = यू·टी + ½·ए·टी².

दुसऱ्यातून वेळ काढणं जरा किचकट, कारण टी दोनदा येतो, एकदा वर्गासकट. पण दगड नुसता सोडला, फेकला नाही, तर यू शून्य होतो आणि टी = √(२·एस ÷ ए) एवढंच उरतं. आमच्या वावरातल्या विहिरीत काठापासून पाणी ४० फुटांवर, म्हणजे साधारण १२.२ मीटर. ए च्या जागी गुरुत्वाचं त्वरण ९.८ घालून बघ, १.५८ सेकंद येतात. पाणी दुप्पट खोल गेलं तर वेळ दुप्पट होत नाही, १.४१ पटच होते.

एक मात्र तिला बजाव. त्वरण सारखंच राहत असेल तरच ही तिन्ही चालतात. आपली शकुंतला आगगाडी आठव. दर स्टेशनावर थांबत, दम खात जाणाऱ्या त्या गाडीच्या मूर्तिजापूरपर्यंतच्या सबंध प्रवासाला यातलं एकही लागू पडलं नसतं.

क्लासचं म्हणशील तर आत्ता लावू नको. तिथं प्रत्येक राशीसाठी फिरवून ठेवलेल्या सूत्रांचं कार्ड हातात देतात आणि पोरगी ते पाठ करत बसेल. त्याऐवजी तिला एक काम दे. पहिल्या समीकरणातून टी = (व्ही − यू) ÷ ए काढायचा, दुसऱ्यात टी दिसेल तिथं घालायचा आणि दोन्ही बाजूंना २·ए ने गुणायचं. कंस सोडवल्यावर एकदा अधिक २·यू·व्ही येईल, एकदा वजा. ते कटतात आणि तिसरं समीकरण आपोआप बाहेर पडतं. तू मदत करू नको, कागद वाया गेले तर जाऊ दे. जमलं की ते पान मला पाठव, खाडाखोडीसकट. अडली तर कोणत्या ओळीत अडली ते बघून पुढचं लिहीन.

वहिनींना नमस्कार. तुरीच्या शेंगा भरल्या की पोरीला घेऊन ये.

तुझाच,
मास्तर