रॉबर्ट्सची ती धाव

महोदय,
बेसबॉलचा विषय निघाला की मला २००४चा बॉस्टन रेड सॉक्सचा मोसम आठवतो. १९१८नंतर विजेतेपद नाही. त्यात न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या सात सामन्यांच्या उपांत्य मालिकेत ०-३ अशी पिछाडी. चौथ्या सामन्यातही नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या डावात संघ एका धावेने मागे, समोर यांकीजचा हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा. पहिल्या बेसवर बदली धावपटू म्हणून डेव्ह रॉबर्ट्स आला. फटक्याची वाट न पाहता तो दुसऱ्या बेसकडे पळणार, हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला डांबू पाहिलं. तरी तो पळालाच आणि थोडक्यात वाचला! लगेच सहकारी म्यूलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, बाराव्या डावात ऑर्टिझने सामना जिंकून दिला. पुढचे तिन्ही सामने जिंकले, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची अंतिम मालिकाही ४-० अशी. कौतुक ऑर्टिझचं होतं, ते रास्तच. पण माझ्या मते मोसम फिरवला रॉबर्ट्सने. त्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र त्याला एकदाही मैदानात उतरता आलं नाही.
– एक वाचक